सेकंडहँड शिवधनुष्य

जनकाच्या दरबारात मोडलं ते धनुष्य सेकंडहँड होतं, याकडे आपल्या कीर्तनकारांनी द्यावं तितकं लक्ष दिलेलं नाही. वाल्मीकींनी दिलं आहे. मूळ मालक शंकर. त्याच्याकडून ते देवांकडे गेलं, देवांनी ते जनकाच्या देवरात नावाच्या पूर्वजाकडे ठेव म्हणून ठेवलं, आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या ते आठ चाकांच्या लोखंडी पेटीत पडून राहिलं. पूजाअर्चा होत होती, पण दोरी कुणी चढवली नव्हती. आले ते राजे उचलता उचलताच घामाघूम होऊन परतले. मग एक तरुण आला. त्याने दोरी चढवली आणि पहिल्याच दमात पुरती ओढली. प्रभू रामचंद्रांच्या सामर्थ्याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नाही. पण वर्षानुवर्षं पेटीत सुकलेलं धनुष्य पहिल्याच दिवशी पूर्ण ताणलं तर काय होतं, हे आमच्या तिरंदाजीच्या क्लबातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा. तो मान हलवून म्हणेल, "आधी नुसती दोरी चढवून ठेवायची. मग चार बोटं ओढायचं. मग वीतभर. घाई कसली होती त्याला?"

घाई लग्नाची होती, हे त्याला सांगून उपयोग नाही.

पुढची हकीकत तर अधिकच बोलकी आहे. धनुष्य मोडल्याची तक्रार घेऊन परशुराम आले, आणि येताना हातात काय घेऊन आले? दुसरं जुनं धनुष्य. हे विष्णूचं, विष्णूकडून ऋचीकाकडे, ऋचीकाकडून जमदग्नींकडे, जमदग्नींकडून परशुरामांकडे. हे मात्र लढवय्या माणसाच्या हाती राहिलेलं. रामाने तेही ओढलं आणि त्याला साधा तडासुद्धा गेला नाही. गांडीवाची तर विराटपर्वात अर्जुनाच्या तोंडून आधीच्या मालकांची यादीच येते : ब्रह्मदेवाकडे 1000 वर्षं, प्रजापतीकडे 503, इंद्राकडे 85, सोमाकडे 500, वरुणाकडे 100. त्या 503 मधली वरची तीन वर्षंसुद्धा कुणी सोडलेली नाहीत. हे गांडीव खांडववनाच्या वेळी अग्नीने वरुणाकडून मागून आणून दिलं, आणि पांडव शेवटच्या वाटेला लागले तेव्हा तोच अग्नी आडवा येऊन ते वरुणाला परत करायला लावतो. परशुरामांचं धनुष्य रामाने शेवटी कुणाकडे दिलं? वरुणाकडेच. एकूण पाहता त्या काळी जुन्या धनुष्यांचा सगळा व्यवहार वरुणाच्या हातात होता.

हे सगळं मी नव्याने काढून वाचलं ते एक जुनं शिकारी धनुष्य घरात आलं म्हणून.

आम्ही राहतो मिशिगनमध्ये, डेट्रॉईटच्या एका उपनगरात. इथे म्हातारं माणूस गेलं आणि मुलं लांबच्या राज्यात असली की घरातल्या सामानासकट 'इस्टेट सेल' लावतात. दोन-तीन दिवस घर सताड उघडं. कपबशीपासून पलंगापर्यंत प्रत्येक वस्तूला किमतीची चिठ्ठी, आणि अनोळखी माणसं कपाटं उघडून बघत फिरतात. सुरुवातीला मला हे फार विचित्र वाटायचं. मग शेवटच्या दिवशी सगळं निम्म्या किमतीत देतात हे कळलं आणि विचित्र वाटणं कमी झालं. मी जाते ती जुन्या कॉर्निंगवेअरच्या भांड्यांसाठी. निळ्या फुलांची ती पांढरी भांडी अमेरिकेतल्या कुठल्याही मराठी बाईच्या फ्रीजमध्ये श्रीखंडासकट सापडतील. तळघरात जायचं मला काही कारण नव्हतं. पण नवरा जिन्याखालच्या अवजारांत रमला होता, त्याला शोधायला गेले, आणि भिंतीवर दोन खुंट्यांवर ते आडवं ठेवलेलं दिसलं. दोरी उतरवलेली, त्यामुळे दोन्ही टोकं पुढच्या अंगाला वळलेली. हातात घेतलं तर मूठ माझ्या तळव्यात अशी बसली की त्या गृहस्थाचा हात माझ्याएवढाच लहान असावा.

"काय करणार आहेस याचं?" नवऱ्याने विचारलं. त्याच्या स्वतःच्या हातात तेव्हा तिसरा पाइप-पाना होता.

मिशिगनच्या तळघरांत ही धनुष्यं का सापडतात, याला कारण आहे. फ्रेड बेअर नावाचा एक माणूस, जन्म 1902, मूळचा पेनसिल्व्हेनियाचा. 1923 साली तो डेट्रॉईटला आला तो मोटारींच्या धंद्यात नोकरी करायला, म्हणजे आमच्या इथली निम्मी मराठी मंडळी ज्यासाठी आली त्यासाठीच. इथे त्याने आर्ट यंग या धनुर्धराच्या अलास्कातल्या शिकारींचा चित्रपट पाहिला आणि नाद लागला. 1933 मध्ये डेट्रॉईटमध्ये कंपनी काढली, 1947 मध्ये बिऱ्हाड उत्तरेला ग्रेलिंग गावी हलवलं, आणि पुढची तीस वर्षं तिथून अमेरिकाभर धनुष्यं पाठवली. 1978 मध्ये कारखाना फ्लोरिडात गेला, पण तोवर मिशिगनमधल्या घराघरांत एकेक पोचलं होतं. माझं त्यांतलंच, 'ग्रिझली' नावाचं. लाकडी म्हणायचं आपलं. आत मेपलच्या पातळ पट्ट्या आणि दोन्ही अंगांना फायबरग्लासचा थर. मुठीजवळ पांढऱ्या शाईने हाताने लिहिलेले आकडे : लांबी 58 इंच, ताण 45 पौंड.

मग ती खुंटीला कशी लागली? तर 1969 मध्ये मिझुरीच्या हॉलेस विल्बर अ‍ॅलन याला चाकांच्या धनुष्याचं पेटंट मिळालं. टोकांना चाकं, त्यांवरून फिरणाऱ्या दोऱ्या. सुरुवातीला जोर लावावा लागतो, पण पूर्ण ओढलं की भार एकदम उतरतो आणि माणूस निवांत नेम धरून उभा राहू शकतो. लाकडी धनुष्याचं याच्या बरोबर उलट. जितकं ओढाल तितकं ते जड होतं, आणि सगळ्यात जड होतं ते नेम धरायच्या क्षणी. कुठलाही शहाणा माणूस चाकांकडे वळला असता. वळलाच. आणि म्हातारपणी पस्तावला.

तो पस्तावा बघायचा तर आमच्या क्लबात यावं. गावाबाहेर झाडीत एक पत्र्याची शेड, मागे मैदान, आणि रविवारी सकाळी लाल-काळ्या चौकटींचे लोकरी शर्ट घातलेले म्हातारे. पन्नाशी ओलांडलेल्या मला तिथे सगळे 'यंग लेडी' म्हणतात. मी नेमाने जाते त्याचं हेही एक कारण. मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्याकडे कुणी बघितलंच नाही, धनुष्याकडे बघितलं. जुनं धनुष्य हातात आलं की म्हातारा आधी मुठीत बसवलेलं बिल्ल्याएवढं नाणं बघतो. नाणं अ‍ॅल्युमिनियमचं, तांब्याचं की पितळेचं, यावरून ही मंडळी साल काढतात. मग कापसाचा बोळा पात्यावरून हळूहळू फिरवतो. बारीकशी आडवी चीर असली तर कापसाचा तंतू तिथे अडकतो. मग एक डोळा मिटून वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत पाहतो, पातं पिळवटलंय का ते. हे सगळं चालू असताना आसपासचे म्हातारे गोळा होतात आणि कुणी बोलत नाही. शेवटी तो म्हणतो, "माझ्याकडे होतं हे."

"मग?"

"1974 साली विकलं."

थोडा वेळ शांतता. "विकायला नको होतं."

हे वाक्य त्या शेडमध्ये मी इतक्या तोंडांतून ऐकलंय की आता धनुष्य दाखवायच्या आधीच मी चेहरा दुःखी करून ठेवते. कुणी चाकांचं धनुष्य घेण्यासाठी विकलं, कुणी बोटीच्या इंजिनासाठी, कुणी मुलीच्या दातांच्या तारांसाठी. त्या मुलीला आता नातवंडं असतील, पण तिच्या दातांचा उल्लेख अजून कडवटपणे होतो. या मंडळींतले दोघे-तिघे घटस्फोटित आहेत. त्याबद्दल इतकं हळहळून बोलताना मी एकालाही ऐकलेलं नाही. आणखी एक गंमत म्हणजे तपासायला घेतलेलं धनुष्य ते लवकर परत देत नाहीत. बोलता बोलता बगलेत धरतात, कॉफी आणायला जातात, तेव्हाही बरोबर नेतात.

जाताना मात्र नियम सांगतात. दोरी चढवलेलं धनुष्य रात्रभर ठेवायचं नाही. उतरवलेलं कोपऱ्यात उभं करायचं नाही, खालच्या पात्यावर भार येतो. दोन खुंट्यांवर आडवंच ठेवायचं. उन्हात गाडीत ठेवायचं नाही, चिकटवलेले थर सुटतात. हिवाळ्यात हीटरच्या झोताजवळ नको. दोरी डॅक्रॉनचीच हवी. हल्लीच्या नव्या दोऱ्या अजिबात ताणत नाहीत, त्या जुनी टोकं चिरून टाकतात. दोरीला मेण लावायचं आणि बोटांनी चोळून मुरवायचं. दोरी चढवताना धनुष्य पायात अडकवून वाकवायचं नाही. त्यासाठी वेगळा जाड दोर असतो, त्याच्या दोन टोकांना चामड्याच्या वाट्या. हे सगळं मी साताऱ्याला आईला व्हिडिओ कॉलवर सांगत होते. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे सोवळ्यातलंच की गं ते. आजीच्या कळशीला हात लावला म्हणून तू तिला म्हातारी खवीस म्हणाली होतीस. आता भोग."

भोगते आहे. कारण या सोवळ्यात सगळ्यात मोठा विटाळ एकच : बाण न लावता दोरी ओढून सोडणं. बाण असला की ताणातला जोर बाण घेऊन जातो. बाण नसला की तो सगळा जोर पात्यांतच उलटतो आणि धनुष्य एका झटक्यात फाटू शकतं. आणि घरी आलेला प्रत्येक मराठी पुरुष धनुष्य दिसल्यावर नेमकं हेच करतो. दिवाळीच्या जेवणाला आलेला माणूस एरवी पाण्याचा ग्लासही उचलून सिंकमध्ये ठेवत नाही, पण भिंतीवर धनुष्य दिसलं की ताबडतोब उठतो. मुठीत धरतो, छाती काढतो, दोरी कानापर्यंत ओढतो, बायकोला म्हणतो "काढ गं फोटो", आणि... "सोडू नका! हळूच पुढे आणा! हळू!" मी स्वयंपाकघरातून पुऱ्यांचा झारा घेऊन धावत येते. 1987 च्या रामायण मालिकेने आमच्या पिढीतल्या पुरुषांचं फार नुकसान केलं आहे. दोरी सोडली की तेज बाहेर पडतं आणि समोरच्या बाणाला जाऊन हवेत भिडतं, यावर त्यांचा अजून विश्वास आहे. आता पाहुणे यायचे असले की चांदीच्या वाट्या बाहेर निघतात आणि धनुष्य कपाटात जातं.

दोरी चढवणं हा मात्र बघण्यासारखा प्रकार आहे. चामड्याच्या वाट्या दोन्ही टोकांवर बसवायच्या, मधला दोर जमिनीला लोंबत ठेवून त्यावर पाऊल रोवायचं, आणि मूठ सावकाश वर उचलायची. दोन्ही पाती एकदम वाकायला लागतात आणि लाकडातून आत कुठेतरी बारीक कुरकुर येते. त्याच वेळी दुसऱ्या हाताने दोरीचा फास सरकवत वरच्या खाचेत नेऊन बसवायचा. बसला की अंगठ्याने दोनदा दाबून बघायचं, मगच मूठ खाली आणायची. शेवटी मुठीपासून दोरीपर्यंतचं अंतर पट्टीने मोजायचं. आठ इंचांच्या आसपास हवं. कमी भरलं तर दोरी उतरवून तिला चार पीळ जास्त द्यायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून.

आता त्या 45 पौंडांबद्दल. हा आकडा 28 इंच ओढल्यावरचा असतो. हात लांब असतील तर जास्त, आखूड असतील तर कमी, दर इंचाला साधारण दोन-तीन पौंडांचा फरक. म्हणजे उंची पाच फूट एक इंच असल्याचा आयुष्यात पहिल्यांदा मला काही फायदा झाला. किती झाला, ते नवऱ्याने मोजून काढलं. भारतात जाताना बॅगा तोलायचा आकड्याचा काटा प्रत्येक देशी घरात असतोच. तो त्याने दोरीत अडकवला आणि मी ओढते तितकं खाली खेचून आकडा वाचला. 38. "अजून 12 पौंडांची परवानगी आहे," तो म्हणाला. विमानाची 50 पौंडांची मर्यादा त्याच्या हाडात मुरली आहे. पण 38 पौंडांची सुटकेस मुठीत धरून उचलणं वेगळं, आणि उजव्या हाताच्या तीन बोटांच्या पेरांवर तोलून स्थिर उभं राहणं वेगळं. आणि तेही चेहऱ्यावर काही न दाखवता. कारण समोर 81 वर्षांचा एक गृहस्थ 50 पौंडांचं धनुष्य ओढून तुमच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत असतो.

ओढायचं ते तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत. तर्जनी ओठाच्या कडेला टेकली, बाणाचं पीस गालाला लागलं की पोचलो. दुर्बीण, काटा, खूण, काही नाही. नेम कसा धरायचा असं विचारलं, तर एक म्हणतो बाणाच्या टोकाकडे बघ, दुसरा म्हणतो बाणाकडे चुकूनही बघू नकोस, तिसरा म्हणतो, "जिथे लागायला हवा तिथे बघ आणि मग विसरून जा." विसरण्यात मी तरबेज आहे, तेव्हा तिसऱ्याचं ऐकते. पण बायकांच्या अडचणींचा या तिघांपैकी कुणीच विचार केलेला नाही. दोरी गालावरून जाते तेव्हा ती कानातल्या रिंगेलाही सोबत नेऊ पाहते. मंगळसूत्र कुडत्याच्या आत. ओढणी तर नकोच. डाव्या मनगटात बांगड्या असतील तर दोरी त्यांच्यावर आपटते, आणि कोपर नीट वळलेलं नसेल तर हाताच्या आतल्या बाजूला. तिथे जो वळ उठतो तो आधी लाल, मग जांभळा, मग आठवडाभर हिरवा असतो. ऑफिसात एका सहकारी बाईंनी तो पाहिला, केबिनचं दार हळूच लावून घेतलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" मी खरं ते सांगितलं : धनुष्याची दोरी लागली. त्यांनी माझ्याकडे अशा करुणेने पाहिलं की इतकी कच्ची सबब त्यांनी उभ्या आयुष्यात ऐकली नसावी. ऑफिसच्या सहलीत माझ्या नवऱ्याला कुणी बर्गर वाढला नाही.

बोटांवरून आठवलं. तीन बोटांनी ओढायच्या या पद्धतीत अंगठ्याला कामच नसतं. एकदा शेडमध्ये कॉफी घेताना मी एकलव्याची गोष्ट सांगितली : निषादांचा मुलगा, मातीचा गुरू, आणि गुरुदक्षिणेत मागितलेला उजवा अंगठा. मला वाटलं होतं, द्रोणाचार्यांच्या वागण्यावर चर्चा होईल. म्हातारे गंभीर झाले. बराच विचार करून एक म्हणाला, "मग त्याने तर्जनी, मधलं आणि अनामिका वापरायला हवी होती. दोन महिन्यांत बसला असता हात." महाभारतात खरं तर ते आहेच. अंगठा गेल्यावर एकलव्य उरलेल्या बोटांनी बाण मारू लागला, पण हाताची पूर्वीची चपळाई राहिली नाही. हे सांगितल्यावर दुसरा म्हणाला, "चपळाई येते नंतर. त्याला इकडे पाठवायला हवं होतं." हजारो वर्षांचा सल त्यांनी दोन कप कॉफीत निकालात काढला.

खरा जीव जातो तो बाण शोधण्यात. सप्तताल भेदून, जमीन फोडून रामाचा बाण भात्यात परत येऊन बसला. ही सोय आमच्याकडे नाही. माझे बाण पोर्ट ऑर्फर्ड सीडरचे, मागे टर्कीची तीन पिसं. जाडी-ताठरपणा धनुष्याच्या ताणाशी जुळवून घ्यावा लागतो, कारण सुटताना बाण सरळ जात नाही. मुठीला वळसा घालताना तो चक्क वाकतो आणि पुढे जाऊन सरळ होतो. एका चांगल्या बाणाच्या किमतीत बासमतीची बरी पिशवी येते. असा बाण निशाण्याच्या वीतभर खालून गेला की गवताच्या मुळांतून साप घुसावा तसा घुसतो आणि वर एक काडी हलत नाही. मग सगळे जण पाय घासत, वाकून, मान एका बाजूला कलती करून मैदान पिंजून काढतात. दुसऱ्याचा हरवलेला बाण शोधायला मदत करणं हा तिथला पहिला शिष्टाचार, आणि सापडेपर्यंत स्वतःची कंबर दुखतेय असं न म्हणणं हा दुसरा. हरवलेला बाण न मिळता भलत्याचाच, मागच्या वर्षीचा, कुजका बाण मिळतो. मोडलेल्या बाणाचं मात्र एक बरं : सीडरचं लाकूड मोडलं की त्याचा इतका सुंदर वास येतो की पैशांचं दुःख निम्मं कमी होतं.

घराजवळ सराव करता येत नाही. आमच्या गावात अंगणात बाण मारायला बंदी आहे, आणि ती असावी हे माझे बाण पाहिलेल्या कुणालाही पटेल. म्हणून हिवाळ्यात तळघरात, गणपतीच्या मखराच्या खोक्यांपासून लांब, पाच पावलांवर एक पोतं टांगलं आहे. असल्या पोत्यात जुने कपडे ठासून भरतात. आमच्याकडे मराठी अधिवेशनांचे टी-शर्ट होते. दर दोन वर्षांनी एक अधिवेशन, प्रत्येकाचा एक टी-शर्ट, सगळे एक्स्ट्रा लार्ज. बाण इतक्या छान थांबतात की त्या टी-शर्टांचा यापेक्षा चांगला उपयोग मला अजून दिसलेला नाही.

उन्हाळ्यात क्लब झाडीत फोमची जनावरं मांडतो : हरीण, अस्वल, टर्की, आणि कुणाच्या तरी हौसेखातर एक डायनोसॉर. काळजावर लागला तर 10, जरा बाहेर 8, नुसता अंगाला चाटला तरी 5. डायनोसॉरचं काळीज नेमकं कुठे असतं यावर दरवर्षी वाद होतो. चाकांची धनुष्यं घेतलेली तरुण मुलंही त्याच वाटेवर असतात. त्यांच्याकडे अंतर मोजायचं यंत्र, नेमाची भिंगं, बोटांऐवजी कळ. सगळं एकदम शांतपणे, बँकेत पैसे भरायला आल्यासारखं. ते 10 वर 10 लावत पुढे जातात. आमचा घोळका मागे कुठल्या तरी झाडाखाली बाण शोधत असतो. आईला हा फरक समजावला, तर तिच्या दृष्टीने मुद्दा वेगळाच निघाला. "आपल्या साताऱ्याची ती आदिती स्वामी बघ. 2023 साली बर्लिनला जगज्जेती झाली, 17 वर्षांची पोर. चाकांचंच ना तिचं? मग तू कशाला ते लाकूड घेऊन बसलीस?" मी म्हटलं, आई, त्यात कष्ट जास्त असतात. "कष्ट करायचेच होते तर इथे घर कोण झाडणार होतं?"

शिकार मी करत नाही. त्यात थोर तत्त्व काही नाही; श्रावण सोडला तर मी सगळं खाते. पण या लोकांत जनावर जखमी करून सोडणं हे महापातक, आणि माझा नेम अजून पातकाच्याच टप्प्यात आहे. शिवाय हरणं ऐकतात. लाकडी धनुष्याचा बाण सेकंदाला 170 फुटांच्या आसपास जातो आणि आवाज 1100. दोरीचा आवाज बाणाच्या कितीतरी आधी पोचतो, हरीण दचकून खाली दबतं, बाण पाठीवरून जातो. आपल्याकडे गांडीवाच्या टणत्काराने शत्रूच्या छातीत धडकी भरायची. इथे टणत्कार होऊ नये म्हणून दोरीला लोकरीचे गोंडे बांधतात. माझ्या दोरीला तोरण विणून उरलेल्या लोकरीचे आहेत, एक केशरी, एक हिरवा. हरणांना फरक पडत असेल-नसेल. ती माझी मेथी खायला अंगणात येतात तेव्हा धनुष्य तळघरात असतं. अळूला तेवढं तोंड लावत नाहीत. त्यांच्याही घशाला खाजत असावं.

तरी हरीण घरात येतंच. मिशिगनमध्ये धनुष्याचा हंगाम 1 ऑक्टोबरला सुरू होतो आणि बंदुकीचा 15 नोव्हेंबरला. त्या दिवशी बऱ्याच गावांत शाळांना सुटी असते, आणि कारखान्यात फक्त देशी आणि आजारी लोक कामावर असतात. शिकारीचं मटण विकायला बंदी, म्हणून वाटतात. क्लबातल्या म्हाताऱ्यांच्या फ्रीजरमध्ये ते वर्षभर साठतं, कारण त्यात चरबी नाही आणि त्यांच्या पद्धतीने भाजलं की पादत्राणासारखं होतं. मी कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून कुकरला सहा शिट्ट्या दिल्या. तेव्हापासून माझ्या बाणांची पिसं फुकटात चिकटवून मिळतात. दसऱ्याला बाकी अवजारांबरोबर धनुष्याचीही पूजा झाली, त्याचा फोटो मी त्यांना दाखवला. फुलं त्यांना आवडली. हळदीकुंकू लाकडावर नाही ना लावलं, एवढं तिघांनी वेगवेगळं विचारून घेतलं. नाही लावलं, खालच्या कागदावर वाहिलं.

त्यांच्यातल्या 81 वर्षांच्या गृहस्थांचा माझ्या धनुष्यावर फार दिवसांपासून डोळा आहे. दर भेटीत ते मुठीवरून अंगठा फिरवतात, नाणं बघतात आणि म्हणतात, "यंग लेडी, विकायचं झालं तर आधी मला सांगायचं." मी नाही म्हणते. परवा ते एक पायरी पुढे गेले. म्हणाले, मृत्युपत्रात लिहून ठेव, म्हणजे भानगड नको. मी म्हटलं, अहो, मी तुमच्यापेक्षा तीस वर्षांनी लहान आहे.

"हो ना," ते म्हणाले, "म्हणून तर म्हणतो, लवकर लिही."